अब्दुल हसवत का नाही?

'तारक मेहता का उल्टा चष्मा'मधला सगळ्यात कमी हसवणारा माणूस कोण, असं विचारलं तर बहुतेक लोक पोपटलालचं नाव घेतील. तीच छत्री, तेच न जमणारं लग्न. मला हे मान्य नाही. पोपटलालचा आता कंटाळा येतो हे खरं, पण एके काळी त्याने हसवलं होतं. अब्दुलने कधीच नाही. २८ जुलै २००८ला मालिका सुरू झाली, चार हजारांच्या वर भाग झाले, आणि अब्दुलचा एक विनोद सांगा म्हटलं तर मला सांगता येत नाही. तुम्हाला आठवतोय का एखादा?

अब्दुल करतो काय? सोडा देतो. रात्री पुरुषमंडळी त्याच्या दुकानावर जमतात, आपापली दुखणी मांडतात, हा मान डोलावतो. कोणाचं काही काम निघालं की धावत जातो. गणपतीत राबतो. दुसऱ्यांच्या विनोदावर मनापासून हसतो. चेहरा असा, जणू आत्ताच चारित्र्याचा दाखला मिळालाय आणि तो चुरगळू नये म्हणून हात खिशाबाहेर काढायचे नाहीत.

यात नटाचा दोष नाही, हे आधीच सांगतो. शरद सांकला यांनी हिंदी सिनेमांत चार्ली चॅप्लिनच्या वेषात कितीतरी छोटी कामं केली. न बोलता हसवू शकणारा हा माणूस. त्याला इथे संवाद दिले आणि हसवायचं काम काढून घेतलं.

मग दोष कुठे आहे? भिडे मास्तरांकडे बघा. आत्माराम तुकाराम भिडे, गोकुळधामचे एकमेव सेक्रेटरी. चिकट, तापट, 'सखाराम' नावाच्या स्कूटरवर पोटच्या पोरासारखं प्रेम करणारे. मराठी माणसाला असा कंजूष का दाखवता म्हणून काही जण चिडतात. मला मात्र भिडेंचा हेवा वाटतो. त्यांना अवगुण मिळाले आहेत! जेठालालला तर पोतंभर मिळाले. अय्यर जळतो, सोढीला पार्टी हवी, चंपकलाल ओरडतात. अवगुण असला की माणूस फजित होतो, आणि फजिती झाली की हसू येतं. अब्दुलला लेखकांनी एकही अवगुण दिला नाही. त्यांचा हेतू चांगलाच असणार. मुसलमान दाखवायचा तर निष्कलंक दाखवू, कोणाचं मन दुखायला नको. पण निष्कलंक माणूस भिंतीवर फोटोत शोभतो, विनोदी मालिकेत नाही.

दुसरी गोष्ट घराची. कौटुंबिक विनोद घरात घडतो. माधवीताईंची लोणची-पापडं घरात, बापूजींचा आरडाओरडा घरात. गोकुळधाम म्हणजे छोटा हिंदुस्थान, असं आपल्याला सांगितलं जातं. गुजराती, मराठी, तमिळ, बंगाली, पंजाबी, पारशी, सगळे आहेत. अब्दुलही आहे, पण दुकानात. तिथल्या बिऱ्हाडांत त्याचं बिऱ्हाड नाही. मुंबईत भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर 'कळवतो हं' ऐकलेल्या कोणालाही ही जागावाटणी ओळखीची वाटेल.

नावाचंही तेच. अरबीत 'अब्द' म्हणजे दास. 'अब्दुल' म्हणजे नुसतं 'चा दास'. पुढे रहमान, करीम, सत्तार असं अल्लाहचं एखादं नाव लागलं की ते पुरं होतं. इथे अख्खी सोसायटी त्याला अर्ध्यातच हाक मारते, आणि उरतो तो सगळ्यांचाच दास! (आमच्याकडेही लाडाने नावं तोडतात. पण निदान घरच्यांना पुरं नाव माहीत असतं.)

आज मोबाइलवर दुसरा एक अब्दुल फिरतो. 'मेरा अब्दुल वैसा नहीं है' असं म्हणत खिदळणाऱ्यांचा. तो सैतान, हा फरिश्ता. मला दोघांत फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही घर नाही, डोकेदुखी नाही, उधारी बुडवणारा मेहुणा नाही. १९८६मध्ये दूरदर्शनवर 'नुक्कड' आली होती. तिच्यात कादरभाईचं हॉटेल होतं. अवतार गिल यांचा तो कादर नाक्यावरच्या इतरांसारखाच एक होता, कोणासाठी नमुना म्हणून उभा केलेला नव्हता. एवढंही पुरतं.

आणि माल कमी आहे का? रोह्याला लागून असलेल्या आमच्या वरसेत नवनव्या बिल्डिंगी उठल्यात, धाटावच्या कारखान्यांमुळे कुठकुठली माणसं एका जिन्यात राहतात. इथल्या कोकणी मुसलमान घरात एक संध्याकाळ बसा. कुवेतहून परतलेले चाचा आहेत, पंचवीस वर्षं झाली तरी रुपयाचा हिशेब दिनारात करतात. खाला आहेत, दुसऱ्यांची सांदणं फुगली नाहीत की ज्यांना मनातून बरं वाटतं. लग्नात बिर्याणीच्या डेगीजवळची खुर्ची धरून बसणारे मामू आहेत.

असले एक चाचा गोकुळधामात राहायला पाठवा. पहिल्याच महिन्यात ते मेंटेनन्सचं बिल चष्मा लावून तपासतील, पाण्याच्या टाकीच्या सफाईला इतके पैसे कसे लागले म्हणून भिडेंना जिन्यात गाठतील, वर 'आमच्या कुवेतला' अशी सुरुवात करतील. भिडेही माघार घेणार नाहीत. चंपकलाल खिडकीतून दोघांवर ओरडतील. सोडा त्या दिवशी जेठालालला आणायला सांगा.