मुकेपणाचें मूळ कानांत

दोन वर्षांचें मूल बोलत नाहीं असें दिसलें म्हणजे वडीलधारी मंडळी बहुधा धीर देतात कीं, ‘याचे आजोबाहि उशिरांच बोलूं लागले.’ कोणी जिभेस वेखंड लावतें, कोणी नवस बोलतें. सर्वांचें लक्ष जिभेकडे. कानाकडे कोणाचेंच जात नाहीं. वस्तुतः जन्मतः बहिऱ्या असलेल्या बहुतेक मुलांची जीभ, ओठ व कंठ निर्दोष असतात. मूल भाषा शिकतें तें ऐकून, आणि उच्चार सुधारतें तेंहि स्वतःचा आवाज ऐकून. कानच बंद असल्यास जिभेनें करावें काय?

बहिरें तान्हें मूलहि रडतें, हसतें, हुंकार देतें. म्हणून आरंभीं शंका येत नाहीं. परंतु ऐकणारें मूल सुमारें सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशीं अक्षरें घोळवूं लागतें; बहिऱ्या मुलाच्या तोंडून तीं पुष्कळ उशिरां निघतात. एकत्र कुटुंबांत हा दोष अधिकच लपतो. भांडें पडलें तर मुलाला जमिनीचा हादरा कळतो, टाळी वाजविली तर हाताची सावली दिसते, आणि आपण म्हणतों, ‘ऐकतें कीं!’

अशा मुलास प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण लवकर साधतात, कारण ते डोळ्यांना दिसतात. क, ग घशाजवळ उत्पन्न होतात, म्हणून कठीण जातात. स, श यांचा ध्वनि उंच पट्टीचा व क्षीण असल्यानें तेहि गळतात. परंतु नुसत्या डोळ्यांवरहि भागत नाहीं. ‘पाळ’, ‘बाळ’, ‘माळ’ हे शब्द आरशापुढें आवाज न काढतां उच्चारून पाहावे; ओठांची हालचाल एकच! भेद आहे तो कंठांतील कंपाचा व नाकांतील वायूचा. म्हणून शिक्षक मुलाचा हात आपल्या गळ्यावर व नाकपुडीवर ठेवून तो स्पर्शानें शिकवितात. बोस्टन येथें १८९० सालीं सारा फुलर यांनीं हेलन केलर हिला पहिले उच्चार शिकविले, तेहि स्पर्शाच्याच आधारें.

आज पहिल्या महिन्यांत श्रवणपरीक्षा, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपचारास आरंभ, असा क्रम तज्ज्ञ सांगतात. मुंबईस वांद्रे येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कार्यासाठीं आहे. श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट बसविलें म्हणजे मात्र काम संपत नाहीं. तेथून घरच्या माणसांचें काम सुरू होतें. मुलासमोर बसून, उजेडांत, स्पष्ट व पुष्कळ बोलावें. त्यानें हातवारे केले म्हणून दटावूं नये. १८८० सालीं मिलान येथील परिषदेनें शाळांतून खुणांची भाषा वर्ज्य ठरविली. व्हँकुव्हरच्या परिषदेनें २०१० सालीं त्याबद्दल खेद प्रकट केला.

आईला शंका आली तर घरच्यांनीं ती थट्टेवारी नेऊं नये. आजोबा उशिरां बोलले असतील. परंतु ते ऐकत होते. नातवंड ऐकतें कीं नाहीं, हें आधीं तपासून घ्यावें.