बाईंना कधी कुणी विचारले?

जनगणना आली की घरोघर जाऊन माणसे मोजतात त्या शाळेतल्या बाई. मतदारयादी दुरुस्त करायची असो की शाळाबाह्य मुले शोधायची असोत, दार ठोठावतात त्या बाईच. शाळेत खोल्या किती, मुलींसाठी स्वच्छतागृहे किती, ही यू-डायसची माहितीही अनेक ठिकाणी त्याच भरतात. गावातल्या प्रत्येकाला प्रश्न विचारणाऱ्या या बाईला मात्र ‘तुमचे कसे चालले आहे?’ असे कागद-पेन घेऊन कुणी विचारत नाही.

देशातल्या शाळांत आज निम्म्याहून अधिक शिक्षक स्त्रिया आहेत. तरीही शाळा सुधारण्याची चर्चा पट, निकाल आणि इमारत यांपुढे सरकत नाही. शिकवणारीची प्रकृती, तिचा थकवा, तिची भीती हे तिचे खाजगी प्रश्न मानले जातात. व्यक्तिगत ते राजकीय, हे आपले सूत्र शाळेच्या फाटकाबाहेरच अडते.

मोजल्याने काय होते, हे स्त्री-चळवळीला ठाऊक आहे. घरकामाची गणना करा, ही आपली जुनी मागणी. २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशभर वेळवापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषाची ९७, हे तेव्हा सरकारी आकड्यांत आले. बायका सांगत होत्याच. आकडा आल्यावर ते नाकारणे अवघड झाले.

शाळेतही हेच करायला हवे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाच्या कामाचे किमान तास आठवड्याला ४५ धरले आहेत आणि त्यांत तयारीचा वेळही धरला आहे. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असेही कलम २७ सांगते. तरी शिक्षकांच्या मोर्चांत ‘आम्हाला शिकवू द्या’ ही घोषणा द्यावी लागते. यातले किती तास वर्गात जातात, किती फॉर्म आणि फोटो पाठवण्यात, आणि किती काम घरी नेऊन स्वयंपाक आटोपल्यावर होते, याचा हिशेब शिक्षिकाच देऊ शकतील.

‘तुम्ही समाधानी आहात का?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. नेमके विचारावे. स्त्री-कर्मचाऱ्यांना वापरता येईल असे पाणी असलेले स्वच्छतागृह आहे का? मूल आजारी असताना रजा मागितली तर काय ऐकावे लागते? सही केलेली रक्कम आणि हातात पडलेली रक्कम एकच असते का? २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तिच्या सदस्यांची नावे ठाऊक आहेत का? छोट्या शाळेतल्या बाईंना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, हे कुणी सांगितले आहे का?

आणि विचारायचे कुणी, हा प्रश्न याहून महत्त्वाचा. चार शिक्षकांच्या शाळेत विषय आणि नोकरीची वर्षे लिहिली की नाव लिहिण्याची गरज उरत नाही. अक्षरही ओळखू येते. तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढणारी शिक्षणसेविका संस्थाचालकांच्या हाती जाणाऱ्या कागदावर ‘सर्व ठीक’ असेच लिहील. म्हणून खुणेची उत्तरे असावीत, कागद शाळेबाहेरच्या विश्वासू गटाकडे जावेत आणि लहान शाळांची उत्तरे केंद्रातल्या इतर शाळांबरोबर एकत्र मोजावीत. आया, तासिकेवरच्या शिक्षिका, पोषण आहार शिजवणाऱ्या बायका यांना वगळू नये. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना बाहेरच्या मैत्रिणीने प्रश्न वाचून दाखवावेत.

पाहणी म्हणजे लढ्याला पर्याय नव्हे. संघटनेची जागा ती घेणार नाही, संघटनेला पुरावा देईल. धोका आहे तो व्यवस्थापनाच्या उत्तराचा. ताण जास्त आहे असे निघाले की ताणमुक्तीचे व्याख्यान ठेवायचे, तेही रविवारी, आणि हजेरी सक्तीची! बाईंच्या खांद्यावरचे ओझे तसेच ठेवून त्यांना दीर्घ श्वास घ्यायला शिकवणे ही थट्टा आहे. म्हणून आधीच ठरवून घ्यावे: निष्कर्ष महिन्याभरात सर्वांसमोर वाचले जातील, आणि निदान एक गोष्ट कोण, कोणत्या तारखेपर्यंत बदलणार हे त्याच बैठकीत लिहिले जाईल. उत्तरे घेऊन ती कपाटात ठेवली, तर पुढच्या वेळी खरे कुणी सांगणार नाही.

यात मुलांचे हित मागे पडते, असे काहीजण म्हणतील. पाच तास तहान मारून, पाणी न पिता उभी राहणारी बाई मुलांना काय शिकवते? गप्प बसायला. तिच्या वर्गातल्या मुली ते पाहून शिकतात.

मैत्रिणींनो, दर ३ जानेवारीला शाळाशाळांतून सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घातला जातो. १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला निघालेल्या या शिक्षिकेने शेणाचा मारा सोसला, ही गोष्ट भाषणांत सांगितली जाते. सोसण्याचे कौतुक पुरे झाले. यंदा हार घालून झाल्यावर शिक्षिकांनी तासभर एकत्र बसावे आणि आपले पहिले दहा प्रश्न आपणच लिहून काढावेत. ते आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात आपण ते छापू, म्हणजे दुसऱ्या गावातल्या बाईंना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.