बुचं मोजून काढा

सध्या पोस्टिंग दिल्लीला, भाड्याचं घर द्वारकेत. शेजारी साताऱ्याकडचे एक रिटायर्ड सुभेदारसाहेब राहतात. गेल्या महिन्यात त्यांनी बुलेटचं इंजिन खोललं आणि क्रँककेस एका गॅरेजातून ब्लास्ट करून, रंगवून आणली. केस चकाचक झाली होती. मी तेलाच्या एका भोकात बारीक तार फिरवली आणि पांढऱ्या कागदावर झटकली. भुकटी पडली.

"साहेब, एवढ्यात जोडू नका."

गॅरेजवाल्याने सगळीकडे मास्किंग टेप लावली होती म्हणे. ही टेप 1925 च्या सुमारास अमेरिकेत निघाली ती गाड्यांना दोन रंग देताना कड सरळ यावी म्हणून. ती रंग अडवते. ब्लास्टिंगचा मारा तिला बघता बघता फाडतो. त्याआधी आट्यांच्या भोकांत जुने बोल्ट, तेलाच्या वाटांना रबरी बुचं, बेअरिंगच्या जागी पत्रा लागतो. आणि सगळ्यात आधी केस तेलकटपणा जाईपर्यंत धुवायची, नाहीतर कण आत चिकटून बसतात. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कण कडक पोलादापेक्षाही कठीण. साध्या बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात, तिथे असा एक कणही ओरखडा काढतो.

तरी मी सगळा दोष गॅरेजवाल्याला देणार नाही. आपण पैसे मोजतो चमकेचे. भोकं बंद करायला गेलेले दोन तास बिलात लिहिले, तर आपणच घासाघीस करतो. मग ते तास कोण घालवेल?

ईएमईत नवा असताना आमचे उस्ताद लाल बुचं वापरायला लावत आणि आकडा खडूने बेंचवर लिहीत. एकदा तेवीस लावली, बावीस निघाली. अख्खी दुपार गेली, जेवण हुकलं, शेवटी पाण्याच्या वाटेत सापडलं. तेव्हा मनात खूप शिव्या दिल्या होत्या. इथून जवळच, दिल्ली कॅंटच्या 505 आर्मी बेस वर्कशॉपमधून ऑक्टोबर 2024 मध्ये ओव्हरहॉल झालेला पहिला टी-90 बाहेर पडला. फोटोत लोकांनी रणगाडा पाहिला. मला मात्र कुणीतरी मोजलेली बुचं आठवली.

"प्रेशरने धुतलं की निघतं," असं गॅरेजवाला म्हणतो. सरळ भोकातून निघेलही. एका बाजूने बंद असलेल्या वाटेतून नाही.

काल आम्ही दोघांनी साबणाचं गरम पाणी, ब्रश आणि हवा वापरून तिसऱ्यांदा केस धुतली. कागद अजून कोरा नाही.