नॉमिनी कोण?

परवा ऑफिसात एक नवा जॉइन झालेला मुलगा फॉर्म भरत होता. पीएफचा नॉमिनी, ग्रॅच्युइटीचा नॉमिनी, इन्शुरन्सचा नॉमिनी. पठ्ठ्याने तीन मिनिटांत सगळीकडे ‘आई’ लिहून टाकलं. आपल्यामागे पैसे कुणाला, हे आपण पंचविशीतच ठरवून मोकळे होतो. शेवटचं दुखणं आलं तर कुठवर उपचार करायचे, हे मात्र कुठल्याच फॉर्मवर नसतं.

माझ्या एका मित्राला हा प्रश्न रात्री दोन वाजता, आयसीयूच्या दारात विचारला गेला. बाबांचा कॅन्सर शेवटच्या स्टेजला. ‘व्हेंटिलेटर लावायचा ना? इथे सही करा.’ त्याने केली. दुसरं काय करणार? पुढचे नऊ दिवस बाबा नळ्यांच्या जंजाळात होते. खरं तर हेच बाबा दिवाळीत म्हणाले होते, ‘मला ते मशीन-बिशीन लावू नका रे.’ तेव्हा काकू केवढ्या ओरडल्या, ‘शुभ बोला जरा!’ झालं, विषय संपला. मित्र आजही म्हणतो, ‘यार, त्यांचं म्हणणं मला माहीत होतं. पण नाही म्हणायला जीभच रेटेना.’

नेदरलँड्समध्ये २००२ पासून, सुधारणा शक्य नाही अशा असह्य यातनांत पेशंटनेच मागितलं, तर डॉक्टर त्याला मरण देऊ शकतात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९९७ पासून, सहा महिन्यांच्या आतलंच आयुष्य उरलेल्या पेशंटला डॉक्टर तसं औषध लिहून देऊ शकतात. घ्यायचं की नाही, हे पेशंट ठरवतो. आपल्याकडे हे दोन्ही गुन्हा.

आपल्याकडे हा विषय घराघरात पोचला तो अरुणा शानबाग यांच्यामुळे. १९७३ साली केईएममध्ये हल्ला झाला आणि पुढची ४२ वर्षं, २०१५ मध्ये जाईपर्यंत, त्या अंथरुणालाच खिळून होत्या. पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी मागितलेली सुटका सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये नाकारली. त्यांची मुलीसारखी सेवा करणाऱ्या नर्सेसनाही ती नको होती. दोन्ही बाजूंना माया होती हो! पण अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, ते कुणालाच विचारता आलं नाही.

नेमकी हीच अडचण ‘लिव्हिंग विल’ने सुटते. बरं होण्याची आशा नसेल तर मला मशीनवर ठेवू नका, असं आधीच लिहून ठेवायचा हक्क कोर्टाने २०१८ मध्ये मान्य केला. आधी त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची. २०२३ मध्ये ती अट गेली. आता वय १८ पूर्ण, दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरची सही. आपण बोलू शकलो नाही तर कुणी बोलायचं, त्यांची नावंही लिहायची. वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं तपासून निर्णय देतात. कुणीही उठून प्लग काढला, असं होत नाही.

तुम्ही म्हणाल, मग ओरेगनसारखा कायदाही हवा का? मला विचाराल तर हवा. दुखणं ज्याचं, शेवटचा शब्द त्याचा. पण भीतीही वाटते. हॉस्पिटलच्या बिलाचा आकडा ऐकून एखादी आजी ‘मला जाऊ दे’ म्हणाली, तर ती तिची इच्छा की मुलांची काळजी? म्हणून आधी वेदना शमवणारे उपचार प्रत्येकाला मिळायला हवेत. नाहीतर त्या ‘चॉइस’ला काही अर्थ नाही.

तो कायदा येईल तेव्हा येईल. हातात आहे तो हक्क तरी वापरू या. येत्या रविवारी पोहे झाले की आईबाबांना विचारा. आधी स्वतःचं सांगा, म्हणजे त्यांना बोलणं सोपं जाईल. ‘शुभ बोल’ ऐकावं लागेलच. ऐकून घ्या, आणि चहा झाला की पुन्हा विचारा.