तटस्थता म्हणजे संमती नव्हे

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. चार दिवसांनी युक्रेन सरकारने आयकॅन या संस्थेकडे मागणी केली की, इंटरनेटच्या मूळ नोंदवहीतून रशियाची ‘.आरयू’ आदी नावे रद्द करावीत. इंटरनेटवरील क्रमांकांची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅमस्टरडॅमच्या राइप एनसीसी संस्थेकडे, रशियातील क्रमांक काढून घेण्याची मागणी झाली. दोन्ही संस्थांनी ती नाकारली. आमच्या मते हा नकार सर्वथा योग्य होता.

कोणी म्हणेल, अन्यायापुढे तटस्थ राहणे म्हणजे अन्यायाला साथ देणे होय. हा आक्षेप हलका नाही. परंतु तटस्थता कोणाची, हे आधी पाहिले पाहिजे. न्यायाधीशाने तटस्थतेच्या नावाखाली निकालच न देणे हा अपराध आहे. पण जमीनमालकावर खुनाचा आरोप आला म्हणून तलाठ्याने सातबाऱ्यावरून त्याचे नाव खोडणे, हाही अपराधच आहे. आयकॅनने नकार कळविला तो २ मार्चला. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सर्वसाधारण सभेने १४१ मतांनी आक्रमणाचा निषेध केला. निषेध ज्यांनी करावयाचा त्यांनी तो केला. दप्तर ज्यांनी सांभाळावयाचे त्यांनी ते सांभाळले.

शिवाय शिक्षा कोणाला झाली असती? शांततेचे नोबेल पारितोषिक मिळविणारे संपादक दिमित्री मुरातोव यांच्या ‘नोवाया गझेता’ पत्राचा पत्ताही ‘.आरयू’चाच होता. ४ मार्चला रशियन सरकारने फेसबुक बंद केले आणि युद्धाविषयी ‘खोटी’ माहिती देणाऱ्यास १५ वर्षांपर्यंत कारावासाचा कायदा केला. जे तोंड राज्यकर्ता आतून दाबीत होता, तेच बाहेरून दाबण्यात कोणता न्याय? एकाच्या गुन्ह्यासाठी सर्वांस दंड नको, हे तत्त्व १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या ३३ व्या कलमाने युद्धकाळासाठीच नमूद केले आहे. ते कलम या संस्थांना थेट लागू नसेल. त्यामागील न्याय मात्र लागू आहे.

तथापि तटस्थतेच्या आड कोणी लपू नये. या संस्थांनी आपली कारणे उघडपणे सांगावीत आणि बलाढ्य व दुर्बल राष्ट्रांस एकच नियम लावावा. नाव खोडण्याचा अधिकार आज आक्रमकाविरुद्ध वापरला, तर उद्या तो दुर्बलाविरुद्ध वापरला जाणार नाही, याची हमी कोण देणार? आक्रमकास शासन अवश्य व्हावे. पण ते न्यायासनावरून व्हावे, नोंदवहीतून नव्हे.