परत कोणाला बोलावता, माऊली?

गेल्या आषाढी वारीतली गोष्ट. बरडच्या मुक्कामी हरिपाठ झाला, जेवणे उरकली आणि आमच्या राहुटीत वीस-पंचवीस माणसे पाय चेपीत बसली होती. दिंडीत यंदा प्रथमच आलेल्या, कॉलेजात शिकणाऱ्या एका पोराने विचारले, "माऊली, होऊन गेलेल्या संतांपैकी एकालाच परत आणता आले, तर तुम्ही कोणाला आणाल?"

प्रश्न सगळ्यांनाच आवडला. आमचे वीणेकरी डोळे मिटून म्हणाले, "ज्ञानोबाराय. दुसरं कोण?" एकाने तुकोबांचे नाव घेतले. आजची बुवाबाजी सरळ करायला तेच पाहिजेत, असे त्याचे म्हणणे. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या एका मावशींनी जनाबाई सांगितली. तळावरच्या प्लास्टिकच्या ढिगाकडे बोट दाखवून कोणी गाडगेबाबांना बोलावले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "चोखोबा. ज्यांना आपण आत येऊ दिले नाही, त्यांना एकदा हाताला धरून गाभाऱ्यात न्यायचे आहे." राहुटीत क्षणभर शांतता पसरली. वीणेकऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला स्वतःचेच फार बरे वाटले.

ते बरे वाटणेच चुकीचे होते, हे सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

'आज तुकोबा असते तर', 'माऊली, पुन्हा या' ही हाक आपण आता फार ऐकतो. कीर्तनात ती आली की टाळ्या पडतात, डोळ्यांना पदर लागतात. हाक मारणारा बिदागी घेऊन पुढच्या गावाला जातो, ऐकणारे घरी जातात. कोणाचेच काही अडत नाही. माझे स्पष्ट म्हणणे असे की ही हाक भक्तीची नाही, अंग चोरण्याची आहे. जे आपल्याच्याने आज होण्यासारखे आहे, ते आपण गेलेल्या माणसाच्या अंगावर टाकतो आणि त्याला श्रद्धा म्हणतो.

आधी आपल्या संप्रदायाचेच पाहू. ज्ञानोबारायांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी घेतली. तिला आपण संजीवन समाधी म्हणतो. पादुका पालखीत ठेवतो आणि माऊली आपल्याबरोबर चालताहेत असे मानूनच पाऊल टाकतो. मग जे बरोबर चालताहेत त्यांना परत आणायचे म्हणजे काय करायचे? ते गेले आहेत, असे कोणता वारकरी मनापासून मानतो?

यावर एखादे अभ्यासू माऊली म्हणतील, "अहो, परंपरेत संत पुन्हा आलेले आहेत. नाथांना ज्ञानोबारायांनी दृष्टांत दिला, तुकोबांच्या स्वप्नात नामदेवराय आले." अगदी खरे. पण आले ते कशासाठी, हेही आठवून पाहावे.

नाथांची कथा आपल्याला पाठ आहे. अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, ती येऊन काढ, असे ज्ञानोबारायांनी स्वप्नात सांगितले. नाथ पैठणहून आळंदीला गेले, झाडी तोडून समाधी शोधली आणि मुळी दूर केली. तेथून ते समाधिस्थ ज्ञानोबांना बाहेर घेऊन आले नाहीत. त्यांनी पुढे काय केले? ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते. अनेक प्रती ताडून नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. समाधीनंतर २८८ वर्षांनी ज्ञानोबाराय महाराष्ट्राला पुन्हा मिळाले, ते असे. एका जिवंत माणसाने डोळे शिणवून, ओवी ओवी तपासून ते परत आणले.

तुकोबांचेही तसेच. नामदेवराय स्वप्नात आले ते पांडुरंगाला बरोबर घेऊन. त्यांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, त्यातले जे उरले ते तू पुरे कर, एवढे सांगायला. नामदेवराय स्वतः देहूला राहून अभंग रचीत बसले नाहीत. तुकोबा त्यांचाच अवतार, असे कोणी मानत असेल तरीही लिहिण्याचे कष्ट, वह्या इंद्रायणीत बुडाल्याचे दुःख आणि तेरा दिवसांचे उपोषण तुकोबांच्याच देहाला सोसावे लागले.

आपल्या परंपरेत संत परत येतात ते काम सांगायला. ते काम जो जागा आहे त्याने करायचे असते.

आता समजा, आपली हाक ऐकून तुकोबा खरोखरच आले. आपण त्यांच्या बाजूने उभे राहू, असे आपण किती सहज धरून चालतो! त्यांना काट्यांनी मारणारा मंबाजी त्यांच्याच गावात राहत होता. वह्या बुडवण्यापर्यंत पाळी आणणारे रामेश्वरभट्ट शास्त्र जाणणारे विद्वान होते. ते पुढे शरण आले, हा त्यांचा मोठेपणा. पण आधी चुकले ते धर्माचेच नाव घेऊन. अभंग लिहून जपणारे संताजी जगनाडे यांच्यासारखे थोडेच. आज मळक्या धोतरातला एक दिवाळे निघालेला वाणी आपल्या मंडपात शिरला आणि पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना चार शब्द सुनावू लागला, तर स्वयंसेवक त्याला दंडाला धरून बाहेर नेतील. आपण मान वळवून म्हणू, "कीर्तन चालू द्या, महाराज." तुकोबांची आपल्याला ओळख आहे ती तसबिरीतली. तसबीर कोणालाच बोलत नाही.

इथपर्यंत लिहिले ते दुसऱ्यांविषयी झाले. आता माझे सांगतो.

बरडहून पालखी निघाली आणि धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरली. त्याच दिवशी दुपारच्या जेवणाला आमच्या दिंडीची पंगत बसली. फलटणपासून आमच्यात एक साठीचे गृहस्थ चालत होते. स्वतःचे टाळ, स्वच्छ धोतर, आवाज असा की चाल लागली की मागची ओळ आपोआप सावरायची. ते पंगतीत बसले. व्यवस्था पाहणाऱ्यांनी विचारले, "माऊली, गाव कोणतं? आडनाव काय?" त्यांनी सांगितले. आडनाव ऐकल्यावर व्यवस्थापक अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही तिकडं ट्रकच्या सावलीला बसा, तिथं वाढतो. इथं दाटी होतीय."

दाटी नव्हती. माझ्याच शेजारी दोन माणसांची जागा होती. 'त्यांनी भिशी भरली नव्हती' असे नंतर कोणी म्हणाले. त्या पंगतीत भिशी न भरलेले आणखी तिघे जेवले. त्यांना आडनाव कोणी विचारले नाही.

ते गृहस्थ काही बोलले नाहीत. ताट उचलले, ट्रकजवळ बसले, जेवले, ताट धुतले आणि दिंडी निघाल्यावर पुन्हा टाळ घेऊन ओळीत उभे राहिले. संध्याकाळी नातेपुत्याला ते आमच्या राहुटीकडे आले नाहीत. पुढे पंढरपूरपर्यंत दिसले नाहीत.

आणि मी? आदल्या रात्री चोखोबांना हाताला धरून गाभाऱ्यात नेणारा मी, त्या दुपारी पत्रावळीकडे पाहत भात कालवीत होतो.

रात्री मी व्यवस्थापकांना एकांतात विचारले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. चोखोबांचे आख्यान ऐकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहताना मी पाहिले आहे. ते म्हणाले, "मला काही नाही हो वाटत. पण सगळ्यांचं मन सांभाळावं लागतं." मी गप्प राहिलो, कारण त्या 'सगळ्यां'त मीही होतो. मी उठलो असतो, तर त्यांना सांभाळायला एक मन कमी उरले असते.

चोखोबांचे काय झाले ते आपण जाणतो. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या नामदेवरायांनी वेचून आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. समाधीही दाराबाहेर. त्यांच्या लोकांसाठी ते दार उघडले १९४७ साली. मध्ये ६०९ वर्षे गेली. या ६०९ वर्षांत आपण चोखोबांचे अभंग गायिलो, आख्याने लावली, समाधीवर डोके ठेवून आत गेलो. चोखोबांविषयीचे प्रेम कमी पडले म्हणून दार बंद होते, असे म्हणता येणार नाही. प्रेम भरपूर होते. ते सगळे मेलेल्या चोखोबांवर होते.

दार उघडायला कोणी संत परत आले नाहीत. साने गुरुजी नावाचा, अमळनेरच्या शाळेत शिकवलेला एक मास्तर आला. त्याने आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवले आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडले. १० मे रोजी ते सुटले, ते मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरल्यावरच. त्या दिवसांत विरोध करणारेही संतांचीच नावे घेत होते, हे विसरू नये. गळ्यात माळ दोन्हीकडे होती. एका बाजूने संतांचे नाव घेऊन दार धरून ठेवले, दुसरीने तेच नाव घेऊन ते उघडले. म्हणून नुसते नाव कोणाचे घेता, यावरून काही ठरत नाही.

मग संतांचे स्मरण करू नये का? अवश्य करावे. स्मरणावाचून वारीच नाही. पण स्मरण झाल्यावर हातून काय घडले, ते पाहावे. ज्याला ज्ञानोबाराय हवेत, त्याने ज्ञानेश्वरीचा एक अध्याय अर्थासह एका पोराला शिकवावा. ज्याला गाडगेबाबा हवेत, त्याने मुक्काम सोडताना आपल्या राहुटीभोवतीची जागा झाडावी. ज्याला जनाबाई हवी, त्याने स्वयंपाकाच्या ट्रकमागे रात्री अकरापर्यंत भांडी घासणाऱ्या बाया पहाटे तीनला उठून पुन्हा चालतात, हे पाहून एक पातेले तरी उचलावे. आणि ज्याला चोखोबा हवेत, त्याने पंगतीत आडनाव विचारू नये. कोणी विचारले तर तेथेच, मोठ्याने, पण प्रेमाने थांबवावे.

वारीत आपण सगळ्यांना 'माऊली' का म्हणतो? पायावर पाया का पडतो? नाव-गाव-कूळ विचारण्याची गरजच पडू नये, म्हणून पूर्वजांनी ही सोय करून ठेवली आहे. 'माऊली' म्हटल्यावर पुन्हा 'आडनाव काय?' विचारणे म्हणजे तो शब्द तोंडातून काढून परत खिशात घालणे.

त्या पोराचे उत्तर मात्र राहिले. त्याला मी आता इतकेच सांगेन: बाळा, कोणालाही परत आणायला नको. आपण ज्यांची वाट पाहतो, ते आपल्या पंगतीत येऊन बसतात. त्या दुपारी तू आणि मी समोरासमोर बसलो होतो. तुझा घास हातातच थांबलेला मी पाहिला होता. तू माझ्याकडे पाहिलेस, आणि मी खाली पाहिले. त्याबद्दल तुझी क्षमा मागतो. तू पुन्हा तसे पाहशील तेव्हा माझ्यासाठी थांबू नकोस.

यंदा आळंदीहून निघताना मी व्यवस्थापकांना सांगितले आहे की पंगतीत कोणाला ट्रकजवळ बसवायचे असेल, तर माझे ताट आधी तिथे मांडा. ते हसले, काही बोलले नाहीत. फलटणला मात्र मी त्या टाळाचा आवाज शोधणार आहे. ते गृहस्थ भेटले, तर आधी त्यांच्या पाया पडेन, मग जेवायला चला म्हणेन. आले नाहीत, तर तो त्यांचा अधिकार.

रामकृष्ण हरि.