नेत्रांची साक्ष आणि माणसाचा निवाडा

छिन्नमनस्कतेचे निदान अद्यापि रुग्णाचे बोलणे, त्याचे वर्तन आणि आप्तांनी कथन केलेली हकीकत यांवरूनच करावे लागत असल्यामुळे, ज्याची नोंद यंत्राने घ्यावी असा काही वस्तुनिष्ठ पुरावा हाती यावा, अशी आकांक्षा मनोवैद्यकांनी बाळगली तर त्यात नवल नाही. १९०८ साली अमेरिकेत डीफेनडॉर्फ आणि डॉज यांनी मनोरुग्णांच्या नेत्रगतीची छायाचित्रे घेतली, तेव्हा हलत्या लंबकाचा मागोवा घेताना निरोगी मनुष्याची दृष्टी ज्या संथ सातत्याने सरकते ते सातत्य या व्याधीत भंग पावते, दृष्टी मागे पडते आणि लहान लहान झेपा घेऊन लक्ष्य गाठू पाहते, असे त्यांना आढळून आले. दीर्घकाळ दप्तरात पडून राहिलेल्या या शोधाला १९७३ साली फिलिप हॉल्झमन यांनी पुन्हा उजेडात आणले, आणि पुढच्याच वर्षी हाच दोष रुग्णांच्या अनेक निरोगी आप्तांतही असल्याचे दाखविले.

या दुसऱ्या निष्कर्षाचे मोल मला अधिक वाटते. मातेच्या वागणुकीने मुलाचे मन दुभंगते, असा ठपका ठेवणाऱ्या तत्कालीन मताला तो छेद देतो, कारण व्याधीची मुळे मेंदूच्या घडणीत आणि अनुवंशात असल्याचे तो सुचवितो. परंतु ज्या खुणेसह असंख्य माणसे आयुष्यभर धडधाकट राहतात, ती खूण म्हणजे रोग नव्हे, हेही त्याच निष्कर्षातून सिद्ध होते.

२०१२ साली ॲबरडीन येथील संशोधकांनी नेत्रगतीवरून रुग्ण व निरोगी यांच्यात ९८ टक्क्यांहून अधिक अचूकतेने भेद करून दाखविला, हे खरे. तथापि दवाखान्यात डॉक्टरांपुढे येणारा प्रश्न बहुधा रोगी की निरोगी असा नसून, ही छिन्नमनस्कता की उन्माद-अवसादाचा विकार, असा असतो, आणि मागोव्यातील हा दोष त्या दुसऱ्या विकारातही आढळतो. शिवाय थकवा, मद्य आणि काही औषधे यांनीही दृष्टीची गती बिघडते.

जेथे सोयरीक जुळविताना घरातील मनोविकार दडविला जातो, तेथे असली चाचणी विवाहाची वा नोकरीची सनद ठरण्यास वेळ लागणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने रुग्णाच्या माहितीला दिलेले गोपनीयतेचे संरक्षण नेत्रगतीच्या नोंदींनाही काटेकोरपणे लागू केले पाहिजे. संशोधनाला ही साक्ष अवश्य घेऊ द्यावी. निवाडा मात्र रुग्णाचे म्हणणे ऐकून घेणाऱ्या वैद्यानेच द्यावा.